आभासी दृश्ये आणि सत्त्वपरीक्षा

प्रस्तावना

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची यात्रा भरते. 'गड्डा' या नावाने सर्वपरिचित असलेल्या या यात्रेतील आकाशपाळणा हा मला नेहमीच व्यक्तिभेदाचा उत्तम पाठ वाटत आला आहे. पाळणा एक, त्याचा वेग एक, बसणारे एकाच घरातले. तरीही एकजण वरच्या टोकाला पोहोचताच आनंदाने ओरडतो, दुसरा डोळे मिटून दांडी घट्ट धरतो आणि तिसरा खाली उतरताच कोपऱ्यात जाऊन ओकतो. हेतू समान असताना परिणाम भिन्न का, हा प्रश्न आयुर्वेदाला नवा नाही.

हाच प्रश्न अलीकडे निराळ्या रूपाने आपल्या चिकित्सालयात येऊ लागला आहे. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' अर्थात आभासी वास्तव दाखविणारा, डोळ्यांवर बांधावयाचा हेडसेट आता मॉलमधील खेळघरांपुरता राहिलेला नाही. तो घरोघरी येत आहे. पंचकर्म केंद्रात मनःशांतीसाठी असा एखादा संच ठेवावा, असे सुचविणारे विक्रेतेही भेटतात. अशा वेळी वैद्याने काय पाहावे, काय विचारावे आणि कोणास नको म्हणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय मी ग्रंथातून नव्हे तर स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून ती चूक आरंभीच सांगणे उचित ठरेल.

एका घरातील तीन रुग्ण

बावन्न वर्षे वयाचे एक यंत्रमागधारक गृहस्थ माझे जुने रुग्ण आहेत. भव्य बांधा, स्निग्ध त्वचा, गंभीर आवाज, मंद गती. केसपेपरवर मीच बारा वर्षांपूर्वी 'कफप्रधान, बल उत्तम' अशी नोंद केलेली. त्यांच्या मुलाने हेडसेट विकत घेतला आणि सहज विचारले, "डॉक्टर, बाबांना दाखवला तर चालेल ना? बीपी-शुगर काही नाही त्यांना." मी कागद पाहिला आणि उत्तर दिले, "खुशाल दाखवा. कफाची प्रकृती आहे, त्यांना काही होत नाही."

दृश्य होते उंच इमारतीच्या गच्चीतून बाहेर आलेल्या फळीवरून चालण्याचे. तिसऱ्या पावलाला गृहस्थ मोठ्याने ओरडले, मागे सरकले, टीपॉयला अडखळून पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. हाड जुळले, परंतु पुढे कित्येक रात्री ते झोपेतून दचकून उठत. नंतर सविस्तर विचारपूस केली तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "लहानपणापासून रक्त बघितलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, डॉक्टर. पोराचा गुडघा खरचटला तरी मी बाहेर जाऊन बसायचो. कुणाला सांगायचं हे?" बारा वर्षांच्या नोंदींत हे कोठेही नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

त्याच दिवशी, या घटनेच्या आधी, त्याच घरातील त्यांच्या धाकट्या भावजयीने तेच दृश्य पाहिले होते. या शिक्षिका असून कृश, रूक्ष आणि चंचल. कोणीही पाहताक्षणी वातप्रधान म्हणेल अशा. त्या फळीच्या टोकापर्यंत गेल्या, खाली वाकून पाहिले आणि हसत परत आल्या. परंतु नंतर त्यांना वेगाने धावणाऱ्या झोपाळागाडीचे दृश्य दाखविले, तेव्हा चार मिनिटांतच मळमळ सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत डोके दुखत राहिले. तुळजापूरच्या घाटात बस लागते, हे त्यांनी विचारताच सांगितले.

तिसरा रुग्ण म्हणजे तो एकोणीस वर्षांचा मुलगा स्वतः. त्याला भीती वाटली नाही, मळमळही झाली नाही. तो रोज रात्री दोन-तीन तास त्या दृश्यांत रमू लागला. महिन्याभराने तक्रार घेऊन आला, "काढल्यावर थोडा वेळ हात माझे वाटत नाहीत. घर पण खोटं वाटतं." झोपही उडाली होती.

साधन एक, घर एक, आणि परिणाम तीन. एकास भय, एकीस भ्रम-हृल्लास, एकास अतितल्लीनता. केवळ देहप्रकृतीवरून यांपैकी एकाचेही अनुमान मला करता आले नाही. पहिल्याचे तर उलटेच झाले.

चरकोक्त सत्त्वविचार

वस्तुतः उत्तर आपल्याच ग्रंथात होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगितले आहेत. त्यांत प्रकृती हा एक भाव आणि सत्त्व हा दुसरा, स्वतंत्र भाव आहे. सत्त्व म्हणजे मन. बलभेदाने ते प्रवर, मध्यम आणि अवर असे तीन प्रकारचे. प्रवरसत्त्व व्यक्ती शरीराने लहान असली तरी मोठ्या पीडेतही अविचल दिसते. मध्यमसत्त्व व्यक्ती इतरांकडे पाहून स्वतःला सावरते किंवा इतरांच्या आधाराने सावरली जाते. अवरसत्त्व व्यक्तीला मात्र ना स्वतःला सावरता येते, ना इतरांकडून तिला धीर मिळतो. आणि शरीर भव्य असूनही तिला अल्प वेदनाही सोसवत नाही.

पुढे चरकाचार्यांनी जे वर्णन केले आहे ते या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. अवरसत्त्व व्यक्तीने रौद्र, भयंकर, किळसवाण्या कथा नुसत्या ऐकल्या किंवा रक्तमांस पाहिले तरी तिला विषाद, वैवर्ण्य, मूर्च्छा, उन्माद, भ्रम वा पतन यांपैकी काही होऊ शकते, एवढेच नव्हे तर मृत्यूही ओढवू शकतो, असे ते सांगतात. येथे शरीराला काहीही स्पर्श करीत नाही. केवळ श्रवण आणि दर्शन हेच हेतू आहेत. माझ्या रुग्णाचे ओरडणे आणि पडणे या यादीत जसेच्या तसे बसते. 'महाशरीर असूनही असह' हे लक्षण पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी पाठ केले. केसपेपर लिहिताना ते मी विसरलो.

इंद्रियार्थांचा विचार सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात येतो. अतितेजस्वी रूपाचे अतिमात्र दर्शन हा नेत्राचा अतियोग. अतिसमीप, अतिदूर, रौद्र, भैरव, अद्भुत, बीभत्स व विकृत रूपांचे दर्शन हा मिथ्यायोग. हेडसेटचा पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो म्हणून त्याला सरळ 'अतिसमीप दर्शन' म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणणे पुरेसे अचूक नाही. मधल्या भिंगांमुळे प्रतिमा साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखी भासते. खरा मिथ्यायोग अन्यत्र आहे, तो पुढे पाहू.

आधुनिक अभ्यास काय सांगतो

डोक्यावर बांधावयाचे आणि डोके वळेल तसे चित्र बदलणारे पहिले साधन अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली दाखविले. त्यापूर्वीही माणूस कृत्रिम दृश्यांना भुलत आला आहेच. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे हलते खेळ सुरू केले होते. परंतु तेथे पडद्याला चौकट होती आणि शेजारी बसलेला माणूस दिसत होता. हेडसेटमध्ये चौकट नाहीशी होते. मान वळवली तरी दृश्यच दिसते. आधाराला शेजारी उरत नाही. मध्यमसत्त्व व्यक्तीचा मुख्य आधारच येथे काढून घेतला जातो, हे ध्यानात ठेवावे.

मेल स्लेटर या संशोधकाने २००९ साली या अनुभवाचे दोन भाग सांगितले: 'मी त्या ठिकाणी आहे' असे वाटणे आणि 'हे खरोखर घडत आहे' असे वाटणे. पाहणाऱ्याला दृश्य खोटे असल्याचे पूर्ण ज्ञान असते, तरीही शरीर खऱ्यासारखे वागते. बुद्धीला कळते, पण मन आणि प्राण वळत नाहीत.

हे वाटणे कोणाला अधिक आणि कोणाला कमी, याचा शोध व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने घेतला गेला. टेलेगन आणि ॲटकिन्सन यांनी १९७४ साली 'तल्लीन होण्याची क्षमता' हा व्यक्तिमत्त्वाचा एक स्वतंत्र गुण म्हणून मांडला. संगीत, कथा, निसर्गदृश्य यांत ज्यांचे भान सहज हरपते त्यांच्यात हा गुण अधिक. १९९८ साली विटमर आणि सिंगर यांनी आभासी दृश्यातील 'उपस्थिती' मोजणारी व व्यक्तीची रमण्याची प्रवृत्ती मोजणारी अशा दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. अशा गुणांची व्यक्ती आभासी दृश्यातही अधिक गुंतते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र हा संबंध सर्वत्र सारख्या बळाचा नाही. २०१० साली कॅनडातील आर्डेमा व सहकाऱ्यांनी असेही नोंदविले की, आभासी दृश्य पाहून बाहेर आल्यावर खऱ्या जगाविषयीची वास्तवतेची जाणीव काही काळ उणावते आणि ज्यांची मुळातच रमण्याची व स्वतःपासून तुटण्याची प्रवृत्ती असते त्यांच्यात हा परिणाम अधिक होतो. 'घर पण खोटं वाटतं' या वाक्याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

दोन प्रश्न वेगळे ठेवावेत

येथे वैद्यबंधूंनी एक भेद काळजीपूर्वक करावा. दृश्य मनाला किती पकडते हा एक प्रश्न, आणि त्यामुळे चक्कर-मळमळ किती होते हा दुसरा. पहिला मुख्यतः सत्त्वाचा आहे. दुसरा मुख्यतः शरीराचा व इंद्रियांचा आहे.

चक्कर येण्याची उपपत्ती रीझन व ब्रँड यांनी १९७५ साली विस्ताराने मांडली. डोळे सांगतात की शरीर वेगाने धावत आहे. अंतःकर्णातील तोल राखणारे यंत्र सांगते की शरीर स्थिर आहे. या दोन साक्षींतील विसंवादातून हृल्लास, स्वेद, वैवर्ण्य, भ्रम ही लक्षणे उद्भवतात. अंतःकर्णाचे हे कार्य दोन्ही बाजूंनी पूर्ण नष्ट झालेल्या व्यक्तीला प्रवासात मळमळ होत नाही, हे निरीक्षण या उपपत्तीला पुष्टी देते. यात डोळ्यांचा आणखी एक विसंवाद मिसळतो: बुबुळे जवळच्या-दूरच्या वस्तूंनुसार आत-बाहेर वळतात, पण भिंगाची नजर मात्र एकाच अंतरावर खिळलेली राहते. माझ्या मते मिथ्यायोग म्हणावयाचा तो या विसंवादाला. सुश्रुताचार्यांनी भ्रमाची कारणे म्हणून रज, पित्त आणि वात एकत्र सांगितले आहेत. त्यात मन आणि शरीर दोन्ही आले.

हा त्रास होणाऱ्यांची पूर्वचिन्हे ठाऊक आहेत. प्रवासात मळमळणे आणि अर्धावभेदक ही त्यांतील प्रमुख. स्त्रियांना हा त्रास अधिक होतो असे पूर्वीपासून म्हटले जाई आणि त्याचे खापर नाजूक स्वभावावर फोडले जाई. २०२० साली के स्टॅनी व सहकाऱ्यांनी दाखविले की, दोन बाहुल्यांमधील अंतर हेडसेटच्या भिंगांशी न जुळणे हे त्यामागील मोठे कारण आहे. म्हणजे दोष स्वभावाचा नसून साधनाच्या मापाचा होता. आमच्या शिक्षिकाबाईंना 'मनाने घ्या, काही होत नाही' असा उपदेश करणे म्हणूनच अन्यायाचे ठरले असते. त्या प्रवरसत्त्व होत्या. त्रास त्यांच्या मनाचा नव्हताच.

वात म्हणजे चिंताळू, पित्त म्हणजे साहसी, कफ म्हणजे शांत, असे पाश्चात्त्य व्यक्तिमत्त्वगुणांशी जोडलेले तक्ते हल्ली सर्वत्र दिसतात. ते आकर्षक असतात, पण त्यांवर विसंबून राहू नये. प्रकृतीच्या शरीरपक्षावर गंभीर संशोधन झाले आहे: २००५ साली पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी प्रकृती आणि एचएलए जनुके यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला, २००८ साली दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतून प्रकृतिभेदांच्या जनुकीय अभ्यासाचा निबंध आला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या 'देश का प्रकृती परीक्षण' अभियानानंतर कित्येक रुग्ण मोबाइलमध्ये आपली प्रकृती घेऊनच येतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या एका शब्दावरून मनाचे बल ठरवू नये, एवढेच सांगणे आहे.

उपयोग व अपयोग

आभासी दृश्य हे केवळ अपायकारक आहे असा ग्रह करून घेणेही योग्य नाही. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम व सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीने ग्रस्त विद्यार्थ्यांना क्रमाक्रमाने आभासी उंची दाखवून ती भीती कमी केल्याचे प्रसिद्ध केले. हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी बर्फाच्या दरीचे आभासी दृश्य दाखविले आणि वेदनेची जाणीव उणावल्याचे नोंदविले. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कटिशूलासाठी अशा एका उपक्रमास मान्यता दिली.

ज्या गुणामुळे एकाला वेदनेचा विसर पडतो, त्याच गुणामुळे दुसऱ्याला घर खोटे वाटते. जे दृश्य क्रमाने दिले असता भय घालवते, तेच एकदम दिले असता भय बसवते. मात्रा, काल आणि पात्र यांचा हा विचार आपल्या सत्त्वावजय चिकित्सेहून वेगळा नाही. अहित अर्थांपासून मनाचा निग्रह करावयाचा, तर अहित काय हे त्या व्यक्तीपुरते आधी ठरवावे लागते.

चिकित्सालयात विचारावयाचे पाच प्रश्न

या अनुभवानंतर मी खालील प्रश्न नेमाने विचारतो. पाच मिनिटेही लागत नाहीत. शक्यतो घरची मंडळी बाहेर बसवून विचारावेत. भव्य शरीराचा पुरुष चारचौघांत खरे उत्तर देत नाही.

१. रक्त, अपघात, इंजेक्शन पाहून कधी अंधारी आली का? उंचीची किंवा बंद जागेची भीती आहे का? (सत्त्वबल)

२. चित्रपट, नाटक, कीर्तन पाहताना भान हरपते का? हाक मारलेली ऐकू येत नाही असे होते का? (तल्लीनता)

३. बस, घाट, पाळणा यांचा त्रास होतो का? अर्धशिशी आहे का? (भ्रमप्रवृत्ती)

४. झोप कशी आहे? आपण आपल्यात नाही, भोवतालचे खरे नाही, असे कधी वाटते का? (मनोवह स्रोतस)

५. पूर्वी फिट, उन्माद, नेत्रशस्त्रकर्म, गर्भावस्था? (वर्ज्य)

पहिल्या प्रश्नास होकार असल्यास उंची, अंधार, हिंसा यांची दृश्ये टाळावीत; पाहावयाचेच असल्यास शांत दृश्य, खुर्चीवर बसून, शेजारी जवळच्या माणसाने हात धरून व बोलत राहून. मध्यमसत्त्व व्यक्तीला एवढा आधार पुरतो. दुसऱ्या व चौथ्या प्रश्नांस होकार असल्यास वेळेची मर्यादा कडक ठेवावी आणि रात्री झोपेपूर्वी मुळीच पाहू नये. तिसऱ्यास होकार असल्यास धावणारी दृश्ये टाळून स्थिर दृश्याने आरंभ करावा, तीन-चार मिनिटांत थांबावे आणि दिवसाआड थोडे थोडे वाढवावे. वारंवार अल्प सेवनाने त्रास कमी होतो हे आधुनिकांनाही मान्य आहे व आपण त्यास ओकसात्म्य म्हणतो. पाचव्यास होकार असल्यास स्पष्ट नकार द्यावा. लहान मुलांच्या बाबतीत निर्मात्यांनी ठरविलेली किमान वयाची मर्यादा पाळावी. ती कंपनीनुसार दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान आढळते.

त्रास झाल्यास हेडसेट तत्काळ काढून रुग्णास बसवावे, दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहण्यास सांगावे, थंड पाण्याने तोंड धुण्यास द्यावे. आल्याचा तुकडा किंवा आले-लिंबू पाचक पुरते. चक्कर पूर्ण जाईपर्यंत वाहन चालवू देऊ नये. दुसऱ्या दिवशीही भ्रम टिकल्यास तो या खेळाचा परिणाम समजून सोडून न देता नीट तपासावा.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. चक्कर-मळमळ म्हटल्यावर गिऱ्हाईक सूतशेखर मागते आणि आपणही सवयीने देतो. त्यात पारद, वत्सनाभ व धत्तूर ही द्रव्ये आहेत. ती अनुसूची ई-१ मध्ये येतात आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असते. 'घर खोटे वाटते' अशी तक्रार सांगणाऱ्या तरुणाला धत्तूरयुक्त कल्प परस्पर देणे योग्य नव्हे. त्याला वैद्याकडे पाठवावे.

उपसंहार

त्या मुलाला मी औषधापेक्षा नियमच अधिक दिले: रात्रीचे दर्शन बंद, दिवसा पंधरा मिनिटे, पादाभ्यंग आणि वेळेवर झोप. तीन आठवड्यांत तो सावरला. शिक्षिकाबाई आता केवळ स्थिर दृश्ये पाहतात. गृहस्थांच्या मनगटात मात्र थंडीच्या दिवसांत अजून कळ येते आणि प्रत्येक वेळी मला माझी नोंद आठवते.

आपल्या बहुतेकांच्या केसपेपरवर प्रकृतीसाठी जागा छापलेली असते, सत्त्वासाठी नसते. पुढच्या वेळी कागद छापावयास देताना 'सत्त्व : प्रवर / मध्यम / अवर' एवढी एक ओळ वाढवावी आणि ती विचारूनच भरावी, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती. असे रुग्ण आपल्याही पाहण्यात आले असतील, तर त्यांच्या नोंदी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्यात. एकेकट्याच्या चुका एकत्र केल्या तर त्यातून पुढच्या पिढीचा पाठ तयार होईल.